कुकडीकाठचे कथील

महसुली दफ्तरात ज्याची नोंद जुन्नर तालुक्यातील एक मौजे एवढीच आढळेल, आणि ज्याच्या शिवारातून जाणाऱ्या प्रवाशास ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांचे मांडव यांखेरीज विशेष काही दिसणार नाही, त्या बोरी बुद्रुकचे नाव भूशास्त्राच्या आणि पुरातत्त्वाच्या ग्रंथांत मात्र दूरदूरच्या देशांत परिचित आहे. आणि त्याचे कारण कुकडी नदीच्या दरडीत सापडलेला ज्वालामुखीच्या राखेचा एक थर हे आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. ती आली तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या मुखातून. तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे सापडल्यामुळे तिच्या वयाचा वाद पुष्कळ वर्षे चालला: एका मोजणीने १४ लाख वर्षे, दुसरीने सुमारे ६.७ लाख, आणि राखेतील काचकणांच्या रासायनिक पृथक्करणावरून पाहावे तर ती टोबाच्या अखेरच्या महाउद्रेकाशी, म्हणजे अवघ्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या घटनेशी जुळते. हत्यारांची घडण इतकी जुनी आणि राख इतकी अलीकडची, हे काही अभ्यासकांना पटणे जड गेले. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. नमूद करावयाचे ते एवढेच, की या दरडीतल्या चिमूटभर पदार्थाचे घर कोणते हे ठरविताना, त्याच्यात कोणता घटक किती आहे हीच साक्ष शास्त्रज्ञांना सर्वांत मोलाची वाटली.

त्याच सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यालगत बांगका आणि बेलितुंग ही दोन बेटे आहेत, आणि जगातील कथलाचा मोठा हिस्सा शतकानुशतके तेथून निघत आला आहे. टोबाच्या उद्रेकाशी त्या कथलाचे काही नाते नाही. ज्या ग्रॅनाइटातून ते झिजून बाहेर पडले तो खडक सुमारे २० कोटी वर्षांचा. परंतु बोरीच्या विहिरीवरील मोटारीच्या पेटीत, शेतकऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीत, किंवा येथून काही कोसांवरील खोडदच्या माळावर आकाशाकडे मुख करून उभ्या असलेल्या महाकाय दुर्बिणींच्या ग्राहकयंत्रांत, तांब्याच्या रेघेला घटकभागाचा पाय ज्याने जोडला जातो तो डाख बहुतांशी कथलाचाच असतो. आता हे कथील एकटे कामास येत नाही. त्याच्या जोडीला कोणता धातू द्यावा, शिसे, चांदी, तांबे की बिस्मथ, हा प्रश्न वरकरणी कारखान्यातील रसायनज्ञाचा दिसतो. पण माझ्या मते तो जितका कारखान्याचा आहे तितकाच विहिरीवरच्या पेटीचाही आहे, आणि निवड करणाऱ्यांनी या दुसऱ्या बाजूचा विचार आजवर फारसा केलेला नाही.

प्रथम धातूंचा स्वभाव पाहिला पाहिजे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शुद्ध शिसे ३२७ अंशांना. पण दोहोंचे मिश्रण केले असता ते या दोन्हींहून कमी उष्णतेत पातळ होते, आणि कथील ६३ व शिसे ३७ असे वजनी प्रमाण साधले म्हणजे ते बरोबर १८३ अंशांना, जणू एखादा शुद्ध धातूच असावा तसे, एकदम वितळते व एकदम गोठते. इतर प्रमाणांत असे होत नाही. तेथे गोठण्याच्या वाटेवर एक अशी अवस्था येते, की मिश्रण धड पातळ नाही आणि धड घट्टही नाही, थंडीत अर्धवट गोठलेल्या तुपासारखे रवाळ झालेले असते. आणि नेमक्या त्या क्षणी कारागिराचा हात हलला किंवा मंडलाची पट्टी (सर्किट बोर्ड) सरकली, तर आतून भेगाळलेला, बाहेरून राखी दिसणारा सांधा तयार होतो. दुरुस्तीच्या धंद्यातील लोक ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणून शिव्या देतात तो पुष्कळदा हाच. साठ-चाळीसच्या प्रचलित तारेत ही संकटाची पट्टी फार अरुंद, जेमतेम पाचसात अंशांची असते. म्हणूनच ती तार तीन-चार पिढ्या रेडिओवाल्यांच्या हातात टिकली, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही तिचे रीळ मागताना कोणाला खुलासा करावा लागत नाही.

खोडदचा उल्लेख वर ओझरता केला, पण बोरीच्या परिसरात राहून त्याला इतक्या स्वस्तात सोडता येणार नाही. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणला, ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांची सूर्यनिरीक्षणाची रेडिओ दुर्बीण उभारली, पुढे उटकमंडला मोठी दुर्बीण बांधली, आणि त्यानंतर जगातील मीटर-तरंगलांबीच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणसमूहासाठी जागेचा शोध घेता घेता जी जागा त्यांनी पसंत केली ती नारायणगावाजवळची ही खोडदची. भोवती डोंगरांची कड, मोठ्या शहरांचा रेडिओ-गोंगाट दूर, आणि अक्षांश असा की दक्षिण आकाशाचाही बराच भाग दृष्टीच्या टप्प्यात यावा. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात, सुमारे चौदा चौदा किलोमीटरच्या तीन भुजांवर शेताशेतांतून विखुरलेल्या. एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या करावयाच्या म्हणजे वाऱ्याचा भार आणि खर्चाचा भार दोन्ही असह्य. म्हणून दोऱ्यांच्या ताणावर बेतलेली, बारीक पोलादी तारेची जाळी पांघरण्याची युक्ती काढली गेली, आणि ती या प्रकल्पाची खास ओळख ठरली. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीच्या मागे क्षितिजावर अशी एक तबकडी सावकाश मान वळविताना दिसते, तेव्हा कोणता काळ कोणत्या काळाच्या शेजारी येऊन राहिला आहे, हे ठरविणे कठीण जाते.

परंतु प्रस्तुत विषयाचा संबंध जाळीशी नाही, तिच्या नाभीस्थानी टांगलेल्या पेटीशी आहे. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की त्याला प्रथम वाढविणारे प्रवर्धक अत्यंत अल्प गोंगाटाचे असावे लागतात; आणि हे प्रवर्धक उंचावर, उघड्या हवेत, तबकडीबरोबर कलंडत, उन्हाळा-पावसाळा सोशीत वर्षानुवर्षे काम करतात. तेथला एखादा सांधा तुटला तर दोष निदान उघड दिसतो. खरी पंचाईत अर्धवट सांध्याची. तो वाऱ्याच्या झोतासरशी जुळतो आणि सुटतो, ऊन तापले की एक वागतो आणि पहाटे दुसरेच. त्यातून जो गोंगाट उपजतो तो निरीक्षकाच्या पडद्यावर उतरतो, आणि तो दूरच्या दीर्घिकेचा नव्हे, आपल्याच पेटीतील कथलाचा आहे हे सिद्ध करण्यात वेळ जातो. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांना अर्पण झाली. त्या सुमारास इलेक्ट्रॉनिक जगात कथील-शिशाचे राज्य निर्वेध होते. ते संपविणारे फर्मान निघावयास मात्र फार दिवस उरले नव्हते.

ते फर्मान युरोपीय संघाचे. १ जुलै २००६ पासून विद्युत् व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कोणत्याही एकजिनसी भागात शिशाचे प्रमाण वजनाने ०.१ टक्क्याहून अधिक असू नये, असा तो हुकूम होता. हिंदुस्थान सरकारनेही २०११ च्या ई-कचरा नियमांत हीच मर्यादा घातली, आणि ती १ मे २०१४ पासून अमलात आली. त्या नियमांना जोडलेल्या यादीत संगणक, दूरध्वनी, दूरदर्शनसंच, शीतकपाट, धुलाईयंत्र असे जिन्नस होते. शेतीपंपाचा स्टार्टर नव्हता. २०२२ च्या नियमांनी ती यादी पुष्कळ वाढविली. हेतूविषयी कोणाचे दुमत नसावे, कारण शिसे मेंदूला, विशेषतः बालकांच्या मेंदूला, अपाय करते, आणि फेकलेल्या पट्ट्या उघड्यावर जाळून तांबे काढणाऱ्या वस्त्यांत ते माती-पाण्यात उतरते. तथापि जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सिंहाचा वाटा बॅटऱ्यांत जातो आणि डाखाच्या वाट्याला फारच थोडे येते, हेही नमूद केले पाहिजे. आणखी एक गंमत अशी, की त्याच युरोपीय हुकुमात ८५ टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या उच्च द्रवणांकाच्या डाखाला सवलत होती. म्हणजे थोडे शिसे घातले तर गुन्हा, आणि जवळजवळ सगळेच घातले तर माफी. कारण साधे होते. अर्धवाहकांच्या पोटात जो डाख लागतो, तो पुढच्या भट्टीत पुन्हा वितळून चालत नाही, आणि त्या तोडीचा दुसरा स्वस्त पर्याय कोणाजवळ नव्हता.

शिशाच्या रिकाम्या गादीवर जो बसला तो कथील-चांदी-तांब्याचा मिश्रधातू. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या परिवारातल्या एम्स प्रयोगशाळेत त्याचा शोध लागून १९९६ साली पेटंट मिळाले. पुढे जपान्यांनी पुरस्कारलेले ९६.५ कथील, ३ चांदी आणि ०.५ तांबे हे प्रमाण सर्वत्र रूढ झाले. हा २१७ अंशांना वितळू लागतो आणि २२० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होतो. १८३ ते २१७ हे अंतर कागदावर चौतीस अंशांचे. पण कारखान्याच्या भट्टीत त्याची किंमत मोठी. भट्टीचे शिखर पूर्वी २१५-२२० अंशांवर भागत असे, ते २४० च्या पुढे न्यावे लागले. त्यामुळे पट्टीचे थर सुटणे, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन घटकभाग फुगणे, जुन्या घडणीच्या कॅपॅसिटरांनी माना टाकणे अशा तक्रारी निर्माण झाल्या. चांदीचा भाव तर सांगावयास नको. ज्यांना तो झेपला नाही त्यांनी ९९.३ कथील आणि ०.७ तांबे असा चांदीविरहित डाख पत्करला. तो २२७ अंशांचा. रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतीत, जेथे शीतकपाटे व धुलाईयंत्रे हजारोंनी जुळविली जातात, अशा ठिकाणी टाकीभर वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून पट्ट्या सरकविण्याचे काम चालते. तेथे टाकी चांदीच्या मिश्रणाने भरावी की बिनचांदीच्या, हा सरळ सरळ जमाखर्चाचा प्रश्न होऊन बसतो.

शिसे काढून टाकल्याने आणखी एक जुने भूत जागे झाले. शुद्ध कथलाच्या लेपातून, बाहेरून काही न करता, केसाहून कितीतरी बारीक अशा धातूच्या मिशा उगवतात. जाडी काही मायक्रॉन, लांबी कधी कधी चांगली मिलिमीटरभर किंवा त्याहूनही अधिक. शेजारच्या पायाला ती मिशी टेकली की मंडल जळते. बेल प्रयोगशाळांनी हा प्रकार १९४० नंतरच्या दशकात दूरध्वनीच्या उपकरणांत पाहिला होता, आणि कथलात थोडे शिसे मिसळले असता मिशा दबतात हेही पुढे उमगले होते. ज्या औषधाची आठवण पुसून गेली होती ते बंद केल्यावर रोग पुन्हा दिसू लागला. उपग्रह बनविणाऱ्या संस्था शुद्ध कथलाच्या लेपाचे नाव काढताच सावध होतात आणि आजही शिशाची सवलत हट्टाने राखून असतात, ती या अनुभवामुळे. कथलाच्या दुसऱ्या रोगाचा, कडक थंडीत त्याची राखाडी भुकटी होण्याचा, बोलबाला त्याहून जुना आहे. परंतु तो रोग १३ अंशांखाली तत्त्वतः संभवत असला, तरी वेग धरतो तो शून्याच्या पुष्कळ खाली. जुन्नरच्या माघातल्या पहाटेने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही कारखान्याच्या शिफारसपत्रात सापडेल. आता विहिरीकडे वळू. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या टापूचे पाणी बदलले आणि पाण्याने शेती बदलली. घरटी मोटार आली, आणि मोटारीसोबत विजेच्या लहरीही आल्या. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत. आणि रात्री उसाच्या फडाकडे जावयाचे म्हणजे बिबट्याची गाठ पडण्याची धास्ती, जी जुन्नरकरांस कोणी समजावून सांगावयास नको. म्हणून स्वयंचलित स्टार्टर, एकेरी फेज गेली की मोटार बंद करणारे रक्षक, आणि भ्रमणध्वनीवरून मोटार चालू-बंद करण्याची यंत्रे खेडोपाडी पसरली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यांतले अग्रेसर नाव. ही सारी विद्या एका पत्र्याच्या पेटीत बसते, आणि ती पेटी निंबाच्या नाहीतर सिमेंटच्या खांबाला उन्हात टांगलेली असते.

त्या पेटीतले जीवन कसे असते याचा हिशेब मांडून पाहावा. चैत्र-वैशाखात दुपारी पत्रा तापून आतले तापमान सहज साठ अंशांवर जाते, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे ते आठ-दहा अंशांवर उतरते. साठ अंश म्हणजे निरपेक्ष मापाने ३३३. आणि कथील-शिशाचा द्रवणांक त्याच मापाने ४५६. म्हणजे दुपारच्या पेटीतला सांधा आपल्या वितळण्याच्या सत्तर टक्क्यांपलीकडे नित्य वावरत असतो. लोखंडाला असे जगावयाचे म्हटले तर ते लालभडक तापवावे लागेल. इतक्या उष्णतेत धातू स्थिर राहत नाही, ताण पडला की हळूहळू सरकतो. आणि ताण तर रोजच पडतो, कारण पट्टी जेवढी फुगते तेवढा तिच्यावर बसलेला चिनीमातीचा घटक फुगत नाही. रोज एक फुगणे, एक आकसणे, आणि वर रिलेची टकटक, मोटारीची थरथर. ताण सौम्य असेल तर चांदीचा नवा डाख जुन्या कथील-शिशापेक्षा अधिक दिवस टिकतो, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. पण ताण तीव्र असेल तेव्हा नेमका उलटा निकाल लागतो, कारण जुना डाख मऊ असल्यामुळे स्वतः दबून घटकाला वाचवितो. तेव्हा ‘कोणता डाख चांगला?’ या प्रश्नाला पेटी कोठे टांगली आहे हे विचारल्यावाचून उत्तरच नाही.

शेवटी ही पेटी बंद पडते. ‘बघा जरा मालक, रात्री पाणी भरता भरता बंद पडली,’ असे म्हणत शेतकरी ती उतरवून आळेफाट्याच्या किंवा नारायणगावच्या दुरुस्तीवाल्यापुढे ठेवतो. नवी पेटी येईपर्यंत कांद्याचे वाफे थांबत नाहीत. त्यामुळे दुरुस्ती त्याच दिवशी झाली पाहिजे. कारागिराच्या मेजावर रीळ असते ते साठ-चाळीसचे. समोरच्या पट्टीवर कोणत्या मिश्रणाचा डाख आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला कळते ते टोक लावल्यावर, डाख वेळेवर न वितळल्याने. तो उष्णता वाढवितो, आणि कथलाने श्रीमंत असा नवा डाख त्याच्या टोकाचे लोखंड व पट्टीचे तांबे जुन्यापेक्षा जलद खाऊन टाकतो. मग तो आपली जुनी तार थोडी ओततो, मिश्रण पातळ होते, काम भागते. चांदीच्या डाखात थोडे शिसे मिसळल्याने सांधा लगेच बिघडतो असे नाही. जुना माल शोषून नवा नीट भरला तर तो वर्षानुवर्षे चालतोही. कारखान्यातला अभियंता या गोष्टीला नाक मुरडील. पण त्याने ती पट्टी रचताना हा मनुष्य गृहीत धरला नव्हता, हा दोष कारागिराचा म्हणता येत नाही.

एका मिश्रणाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याबाबत येथे जरा जोर देऊनच लिहिले पाहिजे. ४२ कथील आणि ५८ बिस्मथ यांचा डाख अवघ्या १३८ अंशांना वितळतो. भट्टीची वीज वाचते, नाजूक घटक तापत नाहीत, म्हणून काही एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांत आणि स्वस्त उपकरणांत त्याचा वापर वाढतो आहे. तो ठिसूळ आहे, पडझड सोशीत नाही. तेवढे चालवून घेता येईल. पण त्याच्यावर कारागिराने साठ-चाळीसची तार टेकविली, तर कथील, शिसे व बिस्मथ या तिघांचे असे एक त्रिकूट जमते की त्याचा काही अंश ९६ अंशांनाच पातळ होतो. पाणी उकळण्याच्या आतला हा आकडा! शेतातल्या दिव्यातील एलईडीचा तळ स्वतःच्या उष्णतेने भर उन्हाळ्यात त्या आकड्याच्या वाटेवर पुष्कळ पुढे गेलेला असतो. दिवा दुरुस्त होऊन घरी जातो, संध्याकाळी लागतो, आणि दुसऱ्या आठवड्यात सांधा मऊ होऊन विझतो. शेतकरी कारागिराला दोष देतो आणि कारागीर ‘आजकालचा माल’ म्हणून कारखान्याला.

धुराविषयीचा एक गैरसमज येथेच दूर करावा. डाख लावताना जो धूर नाकात जातो तो शिशाचा नसतो. त्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. तो तारेच्या पोटातल्या राळेचा धूर असतो, आणि राळेनेही दमा जडू शकतो. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे, डाख लावून झाल्यावर हात न धुता खाल्लेल्या भाकरीबरोबर. म्हणजे शिसे नसलेली तार घेतली म्हणून खिडकी बंद करावयास हरकत नाही असे ठरत नाही, आणि शिशाची घेतली तर साबणाला पर्याय नाही. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला जे प्रदर्शन भरते, त्यात ग्रामीण शाळांतील मुले स्वतः जोडलेली मंडले घेऊन येतात. त्यांच्यासाठी मला विचारले, तर मी बिनशिशाच्या, तांबेमिश्रित कथलाच्या तारेची शिफारस करीन. ती शिकावयास अवघड आहे, सांधा चकाकत नाही आणि शिक्षकांचा संयम पाहते, हे जाणूनही. विहिरीवरच्या पेटीच्या दुरुस्तीस मात्र, जेथे मूळ डाख शिशाचाच आहे असे ठाऊक असेल तेथे, मी ६३-३७ चेच रीळ वापरा म्हणेन, साठ-चाळीसचेही नव्हे. दोन ठिकाणी दोन निर्णय यात मला विसंगती दिसत नाही.

कोठे कोणता डाख आहे हे ठाऊक असावे कसे, हा प्रश्न राहतो. आणि त्याची तजवीज वस्तुतः झालेली आहे. पट्टीवर डाखाचे कूळ सांगणारी खूण छापण्याचा एक आंतरराष्ट्रीय संकेत आहे: इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि त्यापुढे आकडा, वर्तुळात. ‘ई-१’ म्हणजे कथील-चांदी-तांबे. ‘ई-२’ म्हणजे बिस्मथ व जस्त नसलेली कथलाची इतर मिश्रणे. ‘ई-६’ म्हणजे बिस्मथ आहे, शिशाची तार जवळ आणू नका. खूण छापावयास वेगळा खर्च नाही, कारण पट्टीवर इतर अक्षरे छापली जातातच. तरीही स्वस्त मालावर ती पुष्कळदा नसते, आणि जेथे असते तेथे ती तांदळाच्या दाण्याएवढी आणि अर्थ न सांगणारी असते. दिव्याच्या खोक्यावर हमीची मुदत, जनसंपर्काचा क्रमांक आणि गणपतीचे चित्र यांना जागा मिळते. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ‘या पट्टीत बिस्मथाचा डाख आहे, दुरुस्तीस शिशाची तार वापरू नये’ एवढे एक मराठी वाक्य छापावयास कोणत्या कारखानदाराची हरकत असावी, हे मला कळलेले नाही. आळेफाट्याच्या मेजावरचा मनुष्य ते वाचील. त्याच्या फळीवर जागा आहे. साठ-चाळीसच्या शेजारी बिस्मथाचे दुसरे रीळ तो ठेवील, आणि त्यावर खडूने खूणही करील.